बारावा खड्डा

दर शनिवारी सकाळी दगडूभाऊ वहाणा काढून ठेवायचे आणि खांद्यावर पहार टाकून कामावरचे, खांबांच्या पायाचे खड्डे वाजवायला निघायचे. वाजवायला म्हणतो ते खरोखरीच. खड्ड्यात उतरायचं, मधोमध आणि चारी कोपऱ्यांत पहार आपटायची, मान तिरकी करून आवाज ऐकायचा आणि मग वर बघून मला सांगायचं, "लिही, लागला खडक." तोपर्यंत कागदावर शाईचा ठिपका पडायचा नाही.

लढाईचे दिवस होते. देहूरोडला लष्कराच्या मोठमोठ्या शेडी उठत होत्या. त्यातल्या एका शेडीचं कंत्राट कुसगावच्या या शेतकऱ्याला, म्हणजे भाऊंना, मिळालं होतं, आणि काम नीट झालं तर पुढची आख्खी रांग त्यांनाच मिळायची होती. मी त्यांचा कारकून. इंग्रजी लिहिता येत होतं म्हणून ठेवलेला. बांधकामातलं मला ओ की ठो कळत नव्हतं.

सरकारी कामाचा दंडक असा, की शनिवारी दुपारपर्यंत प्रगतीचा कागद लष्कराच्या गोऱ्या साहेबाच्या टेबलावर गेलाच पाहिजे. काम किती झालं, किती उरलं, आणि उशीर झाला असेल तर त्याचं कारण. काम मागे पडलं की साहेब शेरा मारायचा, आणि तीन शेरे झाले की पुढचं काम दुसऱ्याला. बाकीचे कंत्राटदार त्या कारणाच्या रकान्यात बारमाही पाऊस पाडत. एकाने तर ऐन वैशाखात पाडला आणि तो खपलाही. आमच्याकडे एकदा गवंडी आले नाहीत म्हणून चार दिवस काम अडलं. मी म्हटलं, "भाऊ, सिमेंट उशिरा आलं असं लिहितो."

"सिमेंटानं तुजं काय वाकडं केलंय?" भाऊ म्हणाले. "लिही, गवंडी जत्रंला गेल्ते. मी बी गेल्तो."

लिहिलं. शेरा पडला. दुसराही असाच एका खऱ्या कारणापायी पडला. मला या माणसाचा रागच यायचा. एवढा खरेपणा कुठं चुलीत घालायचाय, असं मी तळेगावात घरी बायकोजवळ बोलूनही दाखवलं होतं.

पुढे वलवणला त्यांच्या भाचीचं लग्न निघालं. मामाशिवाय नवरी उभी कशी राहणार? भाऊंना जाणं भाग होतं. अकरा खड्डे त्यांनी आधीच वाजवले होते, राहिला होता तो बारावा. शुक्रवारी त्यांनी कोऱ्या कागदावर आपली वाकडीतिकडी सही केली. "सही ठिवून जातो. पर बघून लिही. पहार हितंच हाय," एवढं सांगून गेले.

शनिवारी ऊन रणरणत होतं, आणि मला दुपारच्या गाडीने घरी जायचं होतं. मुकादमाला विचारलं, बाराव्याचं काय? तो म्हणाला, "लागला की खडक. मी सोता मारली पहार." मी खड्ड्यापर्यंत गेलोसुद्धा नाही. बाराही पूर्ण, असं लिहून मोकळा झालो. त्या कागदावर भराईची परवानगी आली आणि सोमवारी बारावा खड्डा काँक्रीटने भरला.

मंगळवारी भाऊ लग्नाचे लाडू घेऊन आले. सगळ्यांना वाटले आणि मग मुकादमाला म्हणाले, "कुटं मारलीस पहार?"

"मधी."

"आन् कोपऱ्यांत?"

कोपऱ्यांत त्याने मारलीच नव्हती. मावळच्या मातीत खोलीएवढाले धोंडे दडलेले असतात, आणि वर पहार मारली की खडकासारखेच वाजतात. भाऊंनी बाराव्याच्या कडेने खणायला घेतलं. छातीएवढं उतरले, आणि धोंड्याखाली पहार तांबड्या मातीत मुठीपर्यंत गेली. खाली खडक नव्हताच.

"भाऊ, बुजवून टाकू," मुकादम म्हणाला. "कोन बगाया येतंय?"

मनातून मलाही तेच हवं होतं.

"शेडीला डोळं न्हाईत, पर वजन हाय," भाऊ म्हणाले. "फोडा."

आता प्रश्न कागदाचा. मागच्या शनिवारी बारा लिहिलेले, या शनिवारी अकरा. काम पुढे जातं, थांबतं. मागे आलेलं कुणी कधी लिहिलं नव्हतं. आणि हा शेरा तिसरा असणार, हे गड्यागड्याला ठाऊक होतं. मी शक्कल लढवली आणि कारणात लिहिलं, जमिनीत अडचण आली. भाऊंनी ते माझ्याकडून वाचून घेतलं.

"जमिनीनं काय केलं? ती तितंच व्हती. खोड आन् लिही, सही आदी केली, बघितलं मागनं."

"भाऊ, चूक माझी आहे. माझं नाव लिहितो."

"सही कुनाची हाय?"

"तुमची."

"मग तुजं नाव कशाला? लिही."

खोडून तसं लिहिलं आणि आम्ही दोघे कागद घेऊन साहेबाकडे गेलो. साहेबाने कागद दोनदा वाचला आणि विचारलं, "एक खड्डा चोरीला गेला काय?" मी ते भाऊंना मराठीत सांगितलं. भाऊ शांतपणे म्हणाले, "त्याला सांग, चोरीला गेलता, आता सापडला." साहेब हसला. हसत हसतच त्याने तिसरा शेरा मारला.

ती शेड भाऊंनी पुरी केली. पुढची रांग गेली ती वैशाखात पाऊस पाडणाऱ्या गृहस्थाकडे. भाऊ कुसगावला आपल्या भातखाचरांत परतले. मला एका शब्दाने बोलले नाहीत, आणि मला ते आजही सोसत नाही.

लढाई संपली. मी लोणावळ्याला एका कचेरीत लागलो. काम काय, तर कंत्राटदारांचे कागद तपासायचे. भाऊंनी अंथरूण धरल्याचं कळलं तेव्हा भेटायला गेलो. माणूस अगदी वाळून गेला होता. माझा हात धरून म्हणाले, "ती शेड हाय का रं उभी?"

"आहे की. ठणठणीत आहे," मी म्हणालो.

"बघून आलास?"

मी कुठला बघतोय? त्यांना बरं वाटावं म्हणून बोललो होतो.

"नाही, भाऊ."

"मग?" एवढंच म्हणाले आणि त्यांनी माझा हात सोडला.

"उद्या बघून येतो," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने देहूरोड गाठलं. पहारेकरी आत सोडीना. तेव्हा तारेच्या कुंपणाला वळसा घालत, काटे तुडवत मागच्या अंगाला गेलो. शेड दिसली. एकेक खांब मोजत शेवटच्यावर आलो. बारावा. पत्र्याची कड कुठे वाकलेली नव्हती. तरी जरा पुढे जाऊन दुसऱ्या बाजूने पाहिला. त्या नादात परतीची गाडी चुकली.

कुसगावला पोचलो तर ओट्यावर माणसं जमलेली. भाऊ दुपारीच गेले होते. मला बघून काकी, म्हणजे भाऊंची बायको, पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "सकाळपासनं तुमचीच वाट बघत व्हते. मी म्हनलं, येतो म्हनले आन् अजून कसं न्हाई आले? तर म्हनले, इचारू नगं त्येला. कारन ठावं हाय मला. बघाया गेलाय."

मी आत गेलो. त्यांच्या पायांशी बसलो आणि सांगितलं, "बघून आलो, भाऊ. बारावा सरळ आहे."