सातबाऱ्यावरची आत्या

रिटायर झाल्यावर गावाकडे छोटंसं घर बांधायचं, हे आम्हा दोघांचं फार दिवसांपासून ठरलेलं. सासरच्या गावाजवळ, मालवणकडे, एक प्लॉट मिळत होता. मालक लालबागला राहणारा, गोड बोलणारा. आमच्या फणसवाडीतल्या घरी येऊन चहा पिऊन गेला, मला वहिनी म्हणू लागला.

सातबाऱ्यावर त्याच्याबरोबर त्याच्या आत्याचंही नाव होतं.

"ती वारली, वहिनी. लग्न केलं नव्हतं, मागे कोणी नाही."

आमच्या वकीलबाई ठाकूरद्वारला बसतात. त्या म्हणाल्या, "मृत्यूचा दाखला आणू दे. त्याशिवाय एक पाऊल पुढे टाकू नका."

दाखला काही येईना. आधी तो गावी राहिला होता, मग सापडत नव्हता. शेवटी मालक माझ्या नवऱ्याला फोनवर म्हणाला, "दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. विश्वास नसेल तर सोडा." आवाज तसाच गोड.

माझं ऑफिस परळला. एका शनिवारी लवकर सुटले आणि चालतच त्याच्या चाळीत गेले. बायको असेल घरात, तिलाच दाखल्याचं विचारू, असा विचार. दाराला बाहेरून कडी होती. शेजारच्या बाई गॅलरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"यांची आत्या कधी वारली हो?" मी सहज विचारलं.

त्यांचा हात थांबला. "वारली? सकाळी मीच चहा दिला तिला, खिडकीतून." एवढं बोलून त्यांनी सूप उचललं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी खिडकीशी गेले. आत अंधार होता. कॉटवर एक वाळकी बाई बसली होती, केस नीट विंचरलेले. मी कोण ते सांगितलं. जमिनीचं नाव काढताच ती गजांपाशी आली.

"माझ्या सहीशिवाय जमीन जाऊची नाय. म्हणान तेना माका जितीच मारल्यान."

"कडी काढू का, आत्या? चला माझ्याबरोबर."

"नको गो. खंय जाव मी? तो इलो तर..." ती गजांपासून मागे सरली.

जिन्यात तोच वर येताना भेटला. "वहिनी, तुम्ही इथे?"

"दाखल्याचं विचारायला आले होते."

"फोन करायचा ना. उगाच त्रास घेतलात." तो हसत होता, पण वाट सोडत नव्हता. मागून कोणीतरी जिना चढू लागलं, तेव्हा तो भिंतीला सरकला.

संध्याकाळी नवऱ्याला घेऊन पोलीस स्टेशनला गेले. हवालदाराने सगळं ऐकून घेतलं. "तुमचं नातं काय त्यांच्याशी?" "काही नाही," मी म्हटलं. तरी तो आमच्याबरोबर चाळीत आला. आता दाराला मोठं कुलूप होतं. शेजारच्या बाई दारातूनच म्हणाल्या, "दुपारीच गाडी करून गावी नेली." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही.

आठवड्याभराने हवालदाराचा फोन आला. "मॅडम, बोललो आत्याबाईंशी. बऱ्या आहेत. जमीन स्वखुशीने विकतेय म्हणाल्या."

"तुम्ही बघितलंत त्यांना?"

"फोनवर बोललो. बाईचाच आवाज होता."

मी गावातल्या जावेला मालकाच्या तिथल्या घरी जाऊन यायला सांगितलं. ती दुसऱ्याच दिवशी गेली. घर बंद होतं, अंगणात पानांचा खच पडलेला. तिथे महिनोन्‌महिने कोणी फिरकलंच नाही, असं शेजारी म्हणाले.

आम्ही व्यवहार मोडला. वकीलबाईंनी पोलिसांना लेखी तक्रार दिली, तिचं उत्तर अजून आलेलं नाही. जाऊ परवा सांगत होती, प्लॉटला कुंपण पडलंय, कोणीतरी विहीर खणायला घेतलीय.