भट्टी विझली होती, तरी...

दादा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी टायपिंगच्या क्लासला होते. धावत दापोडीला घरी आले, तर आईनं रडता रडताच माझा दंड धरला. "कुणी विचारलं तर न्यूमोनिया सांग. तुला अजून उजवायचंय." ...पाच आठवडे सांगितलं. आता नाही सांगणार. माझ्या दादाला टीबी झाला होता. छापून येऊ दे, सगळ्या चाळीला वाचू दे!

दादा चिंचवडला एका छोट्या कारखान्यात भट्टीवर होता, वितळलेलं लोखंड साच्यात ओतायचा. मला टायपिंगला त्यानंच घातलं. "तुझं तोंड चालतं तेवढी बोटं चालली तर साहेब पळून जाईल," म्हणायचा. आणि घामाचा काय तोरा! ज्याचा सदरा कोरडा तो कामचुकार, असं सगळे भट्टीवाले मानायचे. त्यामुळे पावसाळ्यात रोज सकाळी त्याचं बनियन पिळून काढण्याइतकं ओलं निघायला लागलं, गोधडीसुद्धा भिजायला लागली, तरी तो हसायचा. "दिवसभर भट्टी पितो, रात्री ती अंगातून निघते." आम्हालाही पटलं! आई त्याला सब्जा द्यायची, ताक द्यायची. कामावर जाताना तो गोधडी दारातल्या दोरीवर टाकायचा, आणि आम्हाला ती तिथं बघायची सवयच झाली.

मग खंडेनवमी आली. हत्यारांच्या पूजेसाठी भट्टी विझवली, चार दिवस कारखाना बंद. दादा घरी सावलीत बसून. हवा गार, पांघरूण पातळ, आणि चारही सकाळी गोधडी चिंब!

"दादा, भट्टी तर थंड आहे. मग हे कुठून निघतंय?"

"टायपिस्टबाई, नाक कमी खुपसा."

"पट्टा दोन भोकं आत गेलाय तुझा. संध्याकाळी अंग कढत असतं. आणि हा खोकला?"

"हळू बोल गं... शेजारी ऐकतील. छातीच्या दवाखान्यात गेलो म्हटल्यावर तुला कोण करून घेणार?"

म्हणजे त्याला संशय होता! माझ्या लग्नापायी हा माणूस घाम लपवत होता. "दिवाळी होऊ दे," म्हणाला, आणि मी मूर्खासारखं ऐकलं. दिवाळी झाली, संक्रांत झाली. थुंकीत रक्त दिसलं तेव्हा कुठे गेलो. डॉक्टर छातीचा फोटो बघून म्हणाले, "गरम होत नसताना रोज कपडे भिजत होते, वजन उतरत होतं, तेव्हाच यायचं होतं. आता इंजेक्शनं निघालीत, बाई, पण याला फार उशीर झालाय..."

मागच्या आठवड्यात शेजारच्या भाऊंची गोधडी दोरीवर दिसली. तेही भट्टीवरच. आई म्हणाली, "तू गप बस." मी भर चाळीत विचारलं, "भाऊ, किती दिवस भिजतेय ही?"

भाऊ भडकले. "मला तुझ्या भावाच्या रांगेत बसवतेस व्हय?"

"बसू नये म्हणूनच विचारतेय. चला, मी पण फोटो काढते. आई पण."

तिघंही गेलो. आम्हा दोघींची छाती साफ निघाली. भाऊंच्या छातीत डाग आहे, पण लहान. इंजेक्शनं सुरू झालीत, आणि ते रोज मला शिव्या घालतात. घालू देत!

दादाची गोधडी मी उकळत्या पाण्यातून काढली. आई म्हणते आत वाळव, लोक बघतात. मी ती दारातच टाकते, त्याच्याच दोरीवर. ज्याला मला बघायला यायचं असेल, त्यानं खाली वाकून तिच्याखालून आत यावं.