पिहूचा रिकामा हात

दीपा मॅडमनी मला कसं फसवलं, हे सुदामा नगरातल्या निम्म्या घरांना माहीत आहे. मीच सांगितलंय — भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर रिक्षावाल्यालासुद्धा. सांगताना अजून आवाज चढतो. समोरचा मान हलवतो, मला बरं वाटतं. पण त्या गोष्टीच्या आधी घडलेली आणखी एक गोष्ट आहे आणि ती मी दर वेळी गाळते. नवऱ्यालाही ती ठाऊक नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय — सोपं पडतं म्हणूनच ना? असेल.

नवऱ्याचा पोलोग्राउंडमधला कारखाना बंद पडला तेव्हा मी कापड मार्केटातून साड्या आणून घरोघर विकायला लागले. शिक्षण बारावी, गाठीला काही नाही, तोंड मात्र होतं. व्यापाऱ्यांशी भांडून भाव पाडायचे. "दीदी, आपसे तो भगवान बचाए," म्हणत ते माल द्यायचे, कारण मी एकदा हो म्हटलं की फिरत नाही, हे त्यांना माहीत होतं. पुढच्या दुकानात स्वस्त दिसलं तरी नाही. आणि कोणी माझ्याशी फिरलं, तर भर रस्त्यात त्याची अब्रू काढायचे. याचा मला फार अभिमान होता. अजून आहे. म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं गेली.

दीपा मॅडम माझ्या गिऱ्हाईक. नाशिकहून इकडे हिंदी मुलखात आलेल्या, स्वमग्न मुलांसाठी सेंटर चालवायच्या. एकदा तिथे मी साड्या पसरल्या होत्या, तर एक मुलगा येऊन गठ्ठ्यावरच बसला. कोणाच्या सांगण्यानं उठेना. मी त्याला चमकीच्या काठाचा एक तुकडा दाखवला, गठ्ठ्याकडे बोट केलं — हा तुला, तो मला. उठला की लगेच. मॅडम बघत होत्या. म्हणाल्या, "सुनंदाताई, आम्ही पगार देऊन लोकांना हेच शिकवतो. तुम्ही टेक्निशियन का होत नाही?"

बिहेवियर टेक्निशियन. या कामातली सगळ्यात खालची पायरी. काय शिकवायचं ते थेरपिस्ट ठरवतात, मुलासमोर रोज बसायचं ते टेक्निशियननं. आधी चाळीस तासांचा ऑनलाइन कोर्स, मग परीक्षकासमोर एका मुलाबरोबर प्रत्यक्ष काम करून दाखवायचं, मग पेपर. मॅडमनी शब्द दिला — सर्टिफिकेट हातात पडलं की शहराबाहेर बेटम्याला निघणारं नवं सेंटर तुम्हीच चालवायचं. मी साड्यांचा धंदा तिथल्या तिथे बंद केला.

प्रत्यक्ष परीक्षेसाठी माझ्याबरोबर पिहू होती. सहा वर्षांची, बोलत नव्हती. काम अवघड झालं की स्वतःचं मनगट चावायची, इतकं की तिथली कातडी जाड झाली होती. तिला मी 'बस' कार्ड शिकवलं. लाल, तळहाताएवढं, टेबलाच्या कडेला वेल्क्रोनं चिकटवलेलं. नको झालं तर चावायचं नाही, ते कार्ड काढून माझ्या हातात द्यायचं. कार्ड हातात आलं की मी थांबणार — तिथेच, अर्ध्यावर, काही झालं तरी.

तिनं आधी मला पारखून घेतलं. एक चित्र पुढे केलं की कार्ड. दुसरं केलं की पुन्हा कार्ड. मी दर वेळी थांबले. शेजारच्या टेबलावर काम करणारी निधी हसायची, "ताई, ही तुम्हाला विकून खाईल." पण मला पिहूचं बरोबर कळत होतं. नवं गिऱ्हाईक असंच कापड उलटंपालटं करून बघतं. हळूहळू तिचा विश्वास बसला, आणि मग कार्डाची गरजच कमी झाली. मनगटावरचे व्रण फिके पडले. तिची आई रश्मी एके दिवशी हसत हसत म्हणाली, "दीदी, अब तो नहाने भी कार्ड लेके जाती है." बोलता बोलता तिचे डोळे भरले.

आता — आता सांगायलाच हवं.

परीक्षेच्या दिवशी पिहू कान झाकूनच आली. परीक्षक मॅडम बाहेरगावच्या, आमच्या सेंटरला अनोळखी. मला दिसत होतं की आज कार्डावर कार्ड येणार. काम अर्धं राहिलं तर परीक्षा पुढे जाणार, आणि बेटमा थांबणार नव्हतं. तिथली जागाही घेऊन झाली होती. मुलानं थांब म्हटल्यावर थांबणं हाही कामाचाच भाग आहे, हे मी कोर्समध्ये शिकले होते. कदाचित परीक्षक मॅडमना तेच बघायचं असेल. पण मला धोका पत्करायचा नव्हता. त्या आत यायच्या आधी मी कार्ड उचकटलं आणि कुर्त्याच्या खिशात टाकलं.

पहिली काही चित्रं बरी गेली. मग पिहूचा हात टेबलाच्या कडेला गेला. तिथे नुसता वेल्क्रोचा खरखरीत चौकोन. तिनं त्यावरून बोट फिरवलं. खाली वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं — ती सहसा कोणाच्या तोंडाकडे बघत नसे. चावेल असं वाटलं मला. ती चावली नाही. तिनं कार्ड नसलेला हात पुढे केला आणि माझ्या हातात ठेवला. कार्ड देताना ठेवायची, अगदी तसाच.

याहून स्पष्ट कोणी काय सांगायचं? मला कळलं नाही, असं म्हणू शकते का मी?

मी तो हात धरला आणि पुढच्या चित्रावर नेऊन टेकवला. मुलाचा हात धरून उत्तर दाखवणं ही आमच्या कामातली एक पद्धत आहे. परीक्षक मॅडमना वाटलं मी मदत करतेय. त्यांनी मान डोलावली. पिहूनं हात सोडवला नाही. बाकीची सगळी चित्रं तिनं गुपचूप लावली. "किती शांत मुलगी आहे," त्या म्हणाल्या. मी पास झाले. मग पेपरातही.

दुसऱ्या दिवशी कार्ड मी जागेवर चिकटवलं. पिहूनं त्याच्याकडे पाहिलं नाही. मी ते तिच्या हातात दिलं, तर तिनं ते खाली पडू दिलं. काही दिवसांत मनगट पुन्हा तोंडात गेलं, पहिल्यापेक्षा जोरात. रश्मी घाबरून आली. "दीदी, क्या हुआ होगा इसको?"

मला क्षणभरही विचार करावा लागला नाही. घासाघीस करणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं. मी म्हटलं, "घर पे कभी कार्ड दिया होगा और आप लोग रुके नहीं होंगे. एक बार भी ऐसा हुआ ना, तो बच्चे का भरोसा उठ जाता है."

ती आठवायला लागली. आणि तिला आठवलं. कोणालाही आठवेल — कुठल्या घरात असा एक दिवस नसतो? "हाँ दीदी… उस दिन मेहमान थे. मैंने बोला, एक मिनट." आणि ती तिथेच, चपलांच्या रॅकजवळ, रडायला लागली. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. म्हटलं, "हो जाता है."

त्यानंतर थोड्याच दिवसांत कळलं की बेटम्याचं सेंटर दीपा मॅडमच्या भावजयीला मिळालं. मी मॅडमना बाहेरच्या खोलीत, सगळ्या आईबापांसमोर गाठलं.

"तुम्ही शब्द दिला होतात."

"सुनंदाताई, मी बघू म्हटलं होतं. आवाज खाली."

"जबान दी थी आपने. जबान की कोई कीमत है कि नहीं?" हे मी हिंदीत म्हटलं, सगळ्यांना कळावं म्हणून. पिहू कोपऱ्यात बसली होती, माझ्या आवाजानं कान झाकून. रश्मी उठली, मला हाताला धरून बाहेर नेलं, चहा पाजला. "आपके साथ बहुत गलत हुआ, दीदी," म्हणाली.

झालंच होतं. ते खोटं नाही. मॅडमनी मला दगा दिला आणि तो राग माझ्या मरणापर्यंत जाणार नाही. पण त्या चहाच्या टपरीवर मी रश्मीला सांगू शकत होते. मी चहा प्यायले आणि दीपा मॅडमना शिव्या दिल्या. तिनंही माझ्याबरोबर दिल्या.

आता मी दुसऱ्या सेंटरवर आहे. चांगली टेक्निशियन म्हणतात मला. रश्मीही पिहूला घेऊन तिथेच येते — माझ्यामागे आली. पिहू उंच झालीय. मे महिन्यातही लांब बाह्यांचा कुर्ता घालते. नव्या मुलांच्या आया आल्या की रश्मी त्यांना समजावते, "मेरी जैसी गलती मत करना. मैंने एक बार इसका भरोसा तोड़ा था, आज तक भुगत रही है." मग माझ्याकडे बोट दाखवते. "दीदी ने उसी दिन पकड़ लिया था."

मी तिथेच उभी असते.