किसणीवर नवं डांबर

ताईच्या उजव्या अंगठ्याचं टोक चपटं झालं होतं. बावीस वर्षं गरम टायर दाबून बघायचं काम केलं की होतं तसं. नखांच्या कडांतलं काळं साबणाने निघत नसे, आणि ते काढायचा नाद तिने केव्हाच सोडला होता. एकच गाडी पळवणाऱ्या एका छोट्या रेसिंग टीमची ती टायरवाली. टीममधले सगळेच तिला ताई म्हणत. मालकही म्हणत, आणि ते तर तिच्याहून चार वर्षांनी मोठे होते.

काम शिकली ती वडिलांच्या पंक्चरच्या दुकानात. रस्त्याला तोंड करून उघडणारी एक खोली, पाण्याची टाकी, हवेचा कंप्रेसर आणि भिंतीला टांगलेल्या ट्यूबा, एवढंच दुकान. वडील मितभाषी. गिऱ्हाइकाचा टायर तिच्यापुढे ठेवून विचारत, "हा माणूस गाडी कशी चालवतो, सांग." ती रबरावरून हात फिरवून सांगायची: हा वळणावर घाई करतो, हा ब्रेक उशिरा दाबतो, याचं डावं चाक वाकडं आहे. दहातली नऊ उत्तरं बरोबर यायची. चुकलेल्या दहाव्याबद्दल वडील म्हणत, "तो खोटं बोलत असेल. टायर बोलत नाही."

टीमची गाडी चालवायचा तो तिचा सख्खा धाकटा भाऊ. वय छत्तीस. घरी सगळे त्याला बाळ्या म्हणत आणि गॅरेजमध्ये त्याचं नाव पडलं होतं आजोबा, कारण तो गाडी हळुवार चालवायचा. "घरी बाळ्या आणि कामावर आजोबा," तो स्वतःच म्हणायचा, "मधलं वय काही माझ्या वाट्याला आलंच नाही बुवा." हळुवार म्हणजे इतका, की शर्यत संपल्यावर बाकीच्यांचे टायर सालपटं निघालेले, फोड आलेले असायचे आणि याचे नुसते वापरलेले दिसायचे. ताईला त्या टायरांचा अभिमान होता. तिच्या लेखी टायर जपणं म्हणजे गाडीचं बोलणं ऐकून घेणं. पण शर्यती जिंकायला तेवढं पुरत नाही, हेही तिला कळत होतं.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जो जोरात पळवेल तो जिंकेल. तसं नसतं. मोसमात सहा शर्यती, त्या सहा वेगवेगळ्या ट्रॅकवर, आणि दर ट्रॅकला निराळा माणूस लागतो. पहिला ट्रॅक बंद पडलेल्या विमानतळावर. तिथला सरळ रस्ता इतका लांब, की ज्याचं इंजिन दांडगं तो पुढे. त्यांचं इंजिन जेमतेम. दुसरा शहरातल्या रस्त्यांवर भिंती उभारून केलेला, त्याला सगळे गल्ली म्हणत. तिथे ओव्हरटेक करायला जागाच नाही, त्यामुळे शनिवारच्या एका फेरीत जो जीव तोडून पळतो तो रविवारी पुढून सुटतो आणि पुढेच राहतो. बाळ्याला त्या एका फेरीपुरतं पेटून उठणं कधी जमलं नाही. तिसरा किनाऱ्यावरचा. वाऱ्याने वाळू येते, आणि तिथे ज्याचं नशीब त्याची शर्यत. पाचवा आणि सहावा नवे, रुंद, गुळगुळीत. तिथे तरणी पोरं डोळे झाकून पाय दाबतात.

राहिला चौथा, डोंगरावरचा. जुना ट्रॅक, डांबरातून खडी वर आलेली. मेकॅनिकांनी त्याचं नाव ठेवलं होतं किसणी, कारण तो टायर किसून काढायचा. तिथे टायर बदलायला सगळ्यांना दोनदा थांबावं लागे. बाळ्याला एकदा पुरे. एक थांबा वाचला की पंचवीस सेकंद वाचतात, आणि चाळीस फेऱ्यांच्या शर्यतीत पंचवीस सेकंद म्हणजे पुष्कळ. पाच वर्षांपूर्वी तो किसणीवर जिंकला होता. नंतर एकदा दुसरा, दोनदा तिसरा, एकदा चौथा. वर्षातला तो एक रविवार त्याला पुढचं वर्ष मिळवून द्यायचा. मालक दर हिवाळ्यात कुरकुरायचे, मग किसणीचा निकाल काढून बघायचे आणि म्हणायचे, "बरं, राहू दे आजोबाला."

या मोसमाची सुरुवात वाईटच झाली. विमानतळावर बाविसात सतरावा. गल्लीत दोघे भिंतीला धडकले म्हणून चौदावा. किनाऱ्यावर वाळूत घसरून बाहेर. मालक रागावले नाहीत, आणि ताईला त्याचीच धास्ती वाटली. ते एवढंच म्हणाले, "आता किसणी आहे. बघू."

हिवाळ्यात आयोजकांचं किसणीबद्दल पत्र आलं होतं: ट्रॅकवर आवश्यक त्या ठिकाणी डागडुजी केली आहे. डागडुजी तर दरवर्षीच व्हायची. कुणी ते पत्र मनावर घेतलं नाही.

गुरुवारी सकाळी ड्रायव्हरांची वैद्यकीय तपासणी होती, म्हणून ताई एकटीच ट्रॅक चालायला निघाली. पहिल्या वळणावरच ती थांबली. रस्ता काळाभोर होता. तिला वाटलं, एवढंच वळण केलं असेल. ती पुढे चालत राहिली. दुसरं वळण काळं, चढ काळा, वरचं लांब डावं वळण, जिथे सगळ्यांचे उजवे टायर मरायचे, तेही काळं आणि सपाट. ती गुडघ्यावर बसली आणि तळहात रस्त्यावरून ओढत नेला. एरवी तिथे कातडी सोलवटली असती. आज हात सतरंजीवरून फिरावा तसा फिरला. उरलेले दोन किलोमीटर ती चालली खरी, पण खाली न बघता.

शुक्रवारी सराव झाला. गाडी परत आली तसे तिने चारही टायर दाबून बघितले, रबरात थर्मामीटरची सुई खुपसून तापमान घेतलं, वहीत लिहिलं. कशालाच काही झालेलं नव्हतं. शेजारच्या टीमची टायरवाली माणसंही आपापल्या टायरांपाशी उकिडवी बसली होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं की त्यांच्याकडेही तेच. इथे आता सगळ्यांना एकच थांबा पुरणार होता.

बाळ्या हेल्मेट काखेत घेऊन आला. त्याचा चेहरा घामाने ओला होता.

"गुळगुळीत केलाय," तो म्हणाला. "पण नवं डांबर आहे ना, रविवारी दुपारी तापलं की तेल सोडेल. मग टायर फाडेल बघ. पहिल्यापेक्षा जास्त फाडेल."

ताई वहीतले आकडे बघत राहिली.

"काय वाटतं तुला? फाडेल ना?"

वडील असते तर तिने खरं सांगितलं असतं. इंजिनिअरने विचारलं असतं तरी सांगितलं असतं. तिने भावाच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाली, "तापलं तर फाडेल."

"मग झालं तर. मी माझ्या पद्धतीने चालवतो."

"चालव."

रविवारी ऊन चांगलं कडक पडलं. बाळ्या तेराव्या जागेवरून सुटला. दहा फेऱ्या झाल्या, पंधरा झाल्या. तो टायर जपत होता, पुढच्याला जाऊ देत होता, नेहमीसारखा. किसणीवर वीस फेऱ्यांनंतर पुढच्या गाड्या लंगडायला लागत आणि तो एकेकाला मागे टाकत वर येई. वीस झाल्या. पुढे कुणी लंगडलं नाही. एक एक करून सगळे आत आले, टायर बदलून बाहेर गेले. बाळ्याही आला, गेला. ताईने काढलेले टायर बाजूला रचले आणि हात न लावता त्यांच्याकडे नुसती बघत उभी राहिली.

ड्रायव्हरशी रेडिओवर बोलायचं काम इंजिनिअरचं. तो तिशीतला, सरळ स्वभावाचा माणूस होता. तिसाव्या फेरीला त्याने कानावरचा हेडफोन काढून ताईपुढे धरला. "ताई, तुम्हीच बोला. माझं ऐकत नाहीये."

तिने हेडफोन लावला. आत इंजिनाचा घरघराट आणि त्यातून भावाचा आवाज.

"अजून कुणाचे गेले नाहीत का टायर?"

"नाही."

"किती वाट बघू, ताई?"

बाजूला इंजिनिअर, मागे मालक. "वाट नको बघू," ती म्हणाली. "दाब आता. आहे तेवढं दाब."

मग तो म्हणाला, "बरं."

त्याने दाबलं. दाबूनही त्याच्यात होतं तेवढंच निघालं, आणि तेवढ्या वेगाने इथे सगळेच पळत होते. बारावा आला. गाडी आत आल्यावर ताईने टायर काढले. त्यांत अर्धं आयुष्य शिल्लक होतं. अजून एक शर्यत धावली असती त्यांच्यावर. अशा टायरांवरून एरवी ती कौतुकाने हात फिरवायची. आज ते कुणाच्या नजरेस पडू नयेत म्हणून तिने घाईघाईने ताडपत्री टाकली.

बाळ्या ट्रकच्या पायरीवर बसला होता. बूट काढलेले, मोजे घामाने भिजलेले.

"तुला शुक्रवारीच माहीत होतं," तो म्हणाला.

"गुरुवारीच."

"मग सांगितलं का नाहीस? पहिल्या फेरीपासून दाबलं असतं मी."

ताईला म्हणायचं होतं की त्याने काही फरक पडला नसता, दहावा आला असतास. ते खरं होतं आणि म्हणूनच तोंडातून निघेना. "तू विचारलंस तेव्हा तुझं तोंड बघवलं नाही रे मला," ती म्हणाली.

तो काढलेल्या बुटाची नाडी सोडवत बसला. नाडी तर आधीच सुटलेली होती.

पाचव्या ट्रॅकवर त्याने दुसऱ्यांसारखं पळवून बघितलं. ब्रेक उशिरा दाबले, वळणात गाडी फेकली. नवव्या फेरीला मागचे टायर सालपटून गेले आणि अठराव्याला तो वळणाबाहेर पसरलेल्या खडीच्या सापळ्यात रुतून बसला. क्रेनने गाडी उचलेपर्यंत तो बाजूला हेल्मेट घालूनच उभा राहिला. त्या रात्री मुक्कामाच्या लॉजवर जेवताना सगळे पावसाबद्दल बोलत होते. पाऊस पडलाही नव्हता.

चार दिवसांनी मालकांनी ताईला ऑफिसात बोलावलं. ऑफिस म्हणजे गॅरेजच्या वरची काचेची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, कपाटावर जुन्या ट्रॉफ्या. त्यांनी स्वतः उठून दार लावलं.

"ताई, तुम्ही त्याची बहीण आहात ते बाजूला ठेवा. टायरवाली म्हणून सांगा. त्याच्यात अजून काही आहे?"

"त्याच्यासारखे टायर कुणी जपत नाही."

"ते मी विचारलं नाही."

ताई खुर्चीच्या दांड्यावरचं रेक्झिन नखाने उकरत राहिली. किसणीवर ती एकदा खोटं बोलली होती आणि त्याचं काय झालं ते तिने पाहिलं होतं. आता पुन्हा खोटं बोललं तर आणखी एक वर्ष, आणखी सहा ट्रॅक, आणि दर वेळी तो गाडीतून उतरून तिच्याकडे बघणार.

"या ट्रॅकांवर नाही," ती म्हणाली. "जिथे होतं, तो ट्रॅक उरला नाही."

मालकांनी मान हलवली. "तुम्ही मात्र राहा. त्याच्या जागी घेतोय तो मुलगा टायर खातो म्हणतात. तुमच्याशिवाय कोण बघणार?"

तिने हो म्हटलं नाही आणि नाही म्हणायचंही सुचलं नाही. त्यांनी ते हो धरलं.

बाळ्याला त्याच संध्याकाळी कळवलं. मालक वाईट माणूस नव्हते, त्याला धीर यावा म्हणूनच ते बोलून गेले असावेत, "तुझ्या बहिणीचंही हेच मत पडलं." खाली येऊन त्याने आपल्या कपाटातली पिशवी भरली. ताई मशीनवर चाकाचा तोल बघत होती.

"तू म्हणालीस तसं?"

"हो."

"मला खोटं, त्यांना खरं. दोन्ही वेळा नेमकं उलट बोललीस बघ," तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. हिशेब चुकलेल्या पोराला समजावतात तसा तो बोलला, आणि पिशवी खांद्याला लावून मागच्या दाराने गेला.

शेवटची शर्यत नव्या मुलाने चालवली. चौथा आला. टायरांच्या चिंध्या करून आला, पण चौथा आला. गॅरेजमध्ये सगळे एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होते. कुणीतरी ताईच्याही मारली. नवा मुलगा जवळ येऊन अदबीने म्हणाला, "ताई, टायर फार वाईट झाले का?" ती म्हणाली, "शिकशील." मग तिला वाटलं, कशाला शिकेल? शिकून याला काय मिळणार आहे?

हिवाळ्याच्या सुट्टीत ती घरी गेली. बाळ्या आता आईजवळच राहत होता आणि एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होता. शिकणारे त्याच्यावर खूश होते, आई सांगत होती. कधी आवाज चढवत नाही, घाई करत नाही. तो ताईशी चांगला वागला. तिच्यासाठी हीटर दुरुस्त करून ठेवला, बाजारातून तिला आवडणारी संत्री आणली. आठ दिवसांत शर्यतीचा शब्द त्याने काढला नाही. ताईने दोनदा विषय काढला. एकदा तो दूध बघायला उठून गेला. दुसऱ्यांदा त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आईचा चष्मा बदलायला झालाय, नाही का?"

तिला वाटत होतं त्याने भांडावं. भांडला असता तर तीही भांडली असती, रडली असती, मग दोघांनी चहा घेतला असता. लहानपणापासून त्यांचं तसंच चालत आलं होतं. आता तो पाहुण्याशी वागावं तसा वागत होता, आणि पाहुण्याला तक्रार करायला जागा नसते.

जायच्या दिवशी तिची बॅग उचलून तो स्टॉपपर्यंत आला. थंडी होती. दोघे शेडखाली उभे राहिले.

"किनाऱ्यावरच्या ट्रॅकवरही नवं डांबर टाकतायत," ताई म्हणाली.

"टाकणारच," तो म्हणाला. "जप तब्येतीला."

बस आली. त्याने बॅग वर चढवून दिली आणि दोन पावलं मागे सरला. ती खिडकीशी जाऊन बसेपर्यंत तो उभा असेल असं तिला वाटलं. ती काच पुसून बघेपर्यंत तो वळून रस्ता ओलांडत होता, उजवीकडे बघून, डावीकडे बघून, सावकाश.