चंद्रभानच्या अंगावरची बारावी रास

साड्यांच्या दुकानात पुरुषच साडी नेसून दाखवतो, हे भंडाऱ्याच्या बाजारात एकदा तरी खरेदी केलेल्या माणसाला सांगायला नको. पँटवरच निऱ्या धरायच्या, पदर खांद्यावर टाकायचा आणि गादीवर उभ्या उभ्या जरा तिरकं व्हायचं. लक्ष्मणरावांच्या दुकानात चंद्रभानने हे काम सव्वीस वर्षं केलं. आमच्या गल्लीतला माणूस, माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, विणकराच्या घरातला. बापाचा हातमाग त्याच्या वाट्याला आला तेव्हा मागावर पोट भरायचे दिवस सरले होते. मग दुसऱ्यांनी विणलेल्या साड्या स्वतःच्या अंगावर टाकून तो विकायला लागला.

त्याचा उजवा हात मी पुष्कळदा पाहत बसलो आहे. मी शाळेत चित्रकला शिकवायचो, त्यामुळे लोकांचे हात पाहायची मला खोडच आहे. चंद्रभानची बोटं लांब, पंजा स्वच्छ. तो पंजा साडीच्या काठावरून हळू फिरायला लागला की बायका बोलता बोलता थांबायच्या. हात जिथं थांबेल ती साडी चांगली, असं त्या धरूनच चालायच्या. त्या हातावर चंद्रभानचं घर चालत होतं, हे मालकालाही ठाऊक होतं आणि त्यालाही.

दोष एकच. या माणसाला नाही म्हणता येत नाही. चाळीस साड्या उलगडायला लावून बाई "पाहून येते" म्हणत निघून गेली, तरी हा "या हो ताई" म्हणून घड्या घालायला बसणार. मला अशा माणसांचा मनापासून राग येतो, आणि त्यांच्याशिवाय करमतही नाही.

त्याची मुलगी दामिनी माझी विद्यार्थिनी. रेघ अशी की मी तिच्या वहीवर कधी लाल पेन चालवला नाही. बारावीनंतर तिने नागपूरला तीन महिन्यांचा टॅटूचा कोर्स केला आणि भंडाऱ्याजवळच्या शहापूरला, हायवेवरच्या एका पार्लरमध्ये, कोपऱ्यात खुर्ची टाकून बसली. बसली खरी, पण शिकाऊ मुलीला आपलं कातडं कोण देणार? सरावाला केळीच्या साली झाल्या, कोहळे झाले. घरात महिनाभर कोहळ्याची भाजी झाली आणि प्रत्येक सालीवर विंचू. शेवटी एक दिवस चंद्रभानने बनियनची बाही वर सरकवली आणि दंड पुढे केला.

तिला नाद होता सेल्टिक गाठींचा. आयर्लंडकडच्या जुन्या दगडी क्रुसांवर, जुन्या पोथ्यांच्या पानांवर या गाठी असतात. एकच रेघ निघते, वळते, स्वतःलाच ओलांडून जाते आणि जिथून निघाली तिथं येऊन मिळते. सुरुवात नाही, शेवट नाही. दामिनीने त्यात आपल्या राशी गुंफल्या. सिंहाची आयाळ म्हणजे गाठ, विंचवाची नांगी म्हणजे त्याच गाठीचं टोकदार वळण, तुळेची पारडी त्याच रेघेला टांगलेली. हे तिने कागदावर मला दाखवलं तेव्हा मी चष्मा पुसून पाहिलं. बाजूला चंद्रभान चहा पीत होता. त्याने कपातून नजर वर केली आणि बोट ठेवलं. "इकडे चुकलं. एकदा वरून, एकदा खालून पाहिजे न. ही रेघ दोनदा वरून गेली."

त्याचं बरोबर होतं. आयर्लंड कुठं आहे हे त्याला माहीत नव्हतं, पण धागा कसा जातो ते माहीत होतं. तेव्हापासून दामिनीची एकही गाठ बापाने तपासल्याशिवाय कातडीवर उतरली नाही. नक्षी अर्धी तिची, अर्धी त्याची, असं मी म्हणायचो. तो म्हणायचा, "नाही जी मास्तर, सारं पोरीचं हाय."

दोन वर्षांत त्याच्या अंगावर अकरा राशी झाल्या. डाव्या हातावर सहा, उजव्यावर पाच, आणि मनगटापर्यंत येऊन थांबलेली रेघ. दुकानाच्या सुट्टीला तो शहापूरला जायचा आणि पार्लरमध्ये प्लास्टिकच्या स्टुलावर बनियन घालून बसायचा. गिऱ्हाईक आलं की बोटाने दाखवायचं, "हा खेकडा पाहिजे," "ती मेंढ्याची शिंगं जरा मोठी करा." सहा दिवस साड्यांसाठी उभा राहणारा माणूस सातव्या दिवशी राशींसाठी बसायचा. पाठमोरं व्हा म्हटलं की पाठमोरा, दंड वर करा म्हटलं की दंड वर. एकदा मी ते पाहिलं आणि चहा न घेताच परत आलो.

गमतीही व्हायच्या. पोरं मोबाईलवर जन्मतारीख टाकून रास काढायची आणि ती गोंदवून घ्यायची. घरी गेलं की आई पत्रिका काढून दाखवायची की तुझी रास धनु, हे काय खेकडं आणलंस? दोन जण असे रडकुंडीला येऊन परत आले. त्यानंतर दामिनीने भिंतीवर पाटी लावली, 'आधी आईला विचारून या.'

लक्ष्मणरावांनी हे सगळं चालवून घेतलं, एका अटीवर. "चंद्रभान, बाहीच्या आत काय पाहिजे ते कर. पंजा साफ ठेव. लग्नाच्या साडीवरून फिरनारा हात हाय तो." म्हणून मे महिन्यातही हा मनगटापर्यंत बटणं लावलेला शर्ट घालून गादीवर उभा राहायचा. भंडाऱ्याचा मे. पंखा गिऱ्हाइकांकडे वळवलेला. काखेतून पाणी वाहतंय आणि हा हसत पदर दाखवतोय.

बारावी रास मीन. नावावरून चंद्रभानची स्वतःची रास तीच, म्हणून ती शेवटी ठेवली होती. पुढेमागे पायाच्या पोटरीवर काढू, असं बापलेकीचं ठरलं होतं.

मग पुण्याहून निरोप आला. तिथल्या एका टॅटूवाल्याला मोबाईलवर पाहिलेल्या तिच्या गाठी आवडल्या. ठेवून घेतो म्हणाला, पण हाताच्या पाठीवरचं काम पाहिल्याशिवाय नाही. तिथली कातडी पातळ, खाली शिरा आणि हाडं. हात किती बसला आहे ते तिथंच कळतं.

त्या रविवारी दुपारी मी त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. दामिनीने बापाकडे पाहिलंसुद्धा नाही. मोबाईलकडे पाहत सांगितलं, "बाबा, त्यानं पंजावरचं काम मागतलं."

शोभाताई, म्हणजे चंद्रभानची बायको, आतून पदराला हात पुसत बाहेर आल्या. "त्या हातावर घर चालते आपलं. लक्ष्मणरावानं काय सांगतलं होतं, विसरली का तू?"

"नाही विसरली."

"मंग काहून विचारून राहिली?"

"मंग मी इकडंच सडू का, आई?" दामिनीचा आवाज फाटला. "पार्लरच्या कोपऱ्यात बसून हायवेवरच्या पोट्ट्यांचे दंड धरू? दर महिन्यात कोनी पाहाले येते, पोहे खाते आन् विचारते, हे सुयांचं काम लग्नानंतर बंद करशील न? कोनी एक जन तरी विचारलं का, तुह्या हातात काय हाय म्हनून?"

तिचं खरं होतं, आणि शोभाताईंचंही खरं होतं. मला तिथून उठून जावंसं वाटलं. पेन्शन खाणारा माणूस मी, माझा पंजा काळा झाला असता तर जगाचं काय बिघडलं असतं? माझा हात घे, असं मी म्हणालो नाही. सुचलं होतं. सुचलं होतं आणि म्हणालो नाही, हे इथं लिहून ठेवतो.

चंद्रभानने उजवा हात गुडघ्यावर पालथा ठेवला, थोडा वेळ पाहिला. "काढ," म्हणाला.

तिथंच ओसरीवर तीन तास लागले. दोन मासे, एकमेकांच्या शेपटीमागे फिरणारे, आणि मनगटावर थांबलेली रेघ पुढे येऊन त्यांच्या कल्ल्यांतून, खवल्यांतून गेलेली. सुई हाडावर आली की त्याच्या पायाचा अंगठा फरशीवर दाबला जायचा, तेवढंच. तोंडाने फक्त "एकदा वरून, एकदा खालून" चाललं होतं, लहान पोराला पाढे म्हणून दाखवावे तसं. दामिनीची सुई दोनदा जास्त दाबली गेली. मी पाहिलं, त्यानेही पाहिलं.

त्याच संध्याकाळी फोटो गेला. ताजं काम होतं, रेघ सुरीच्या धारेसारखी दिसत होती. आठवड्यात दामिनी वरठीच्या स्टेशनवरून रेल्वेत बसली आणि पुण्याला गेली. चंद्रभान स्टेशनवर गेला होता. पंजा रुमालात गुंडाळलेला, दुसऱ्या हातात तिची बॅग.

खपल्या पडल्या तेव्हा शाई पसरलेली होती. सुई खोल गेली होती. माशांचे डोळे बुजले, खवले एकमेकांत मिसळले, अंगठ्याजवळची गाठ तर निळ्या डागासारखी झाली. लक्ष्मणराव वाईट माणूस नाहीत. त्यांनी हात पाहिला आणि चंद्रभानला मागच्या खोलीत बसवलं. घड्या घालायच्या, फॉल लावायला साड्या काढून द्यायच्या. पुढे गादीवर आता अंकुश नावाचा तरुण उभा राहतो. मधे पडदा आहे. अंकुश करवतकाठी साडीला भलतंच नाव सांगून दाखवतो ते चंद्रभानला आतून ऐकू येतं. एकदा त्याच्याने राहवलं नाही, पडद्यामागून म्हणाला, "ती करवतकाठी हाय, अंकुश." गिऱ्हाईक दचकलं. नंतर मालकाने सांगितलं की आतून बोलत जाऊ नको. त्या खोलीला खिडकी नाही. मी एकदा आत जाऊन पाच मिनिटं बसलो आणि उठून बाहेर आलो. हा दहा तास बसतो.

"करमते का रे?" मी विचारलं.

"पोरगी निंघाली न जी," तो म्हणाला. सगळ्याला हेच उत्तर.

पोरगी व्हिडिओ कॉल करायची तेव्हा तो मोबाईल डाव्या हातात धरायचा. उजवा हात चौकटीच्या बाहेर. पण दसऱ्याला शोभाताईंनी दोघांचा फोटो काढवला आणि त्याने तो व्हॉट्सअ‍ॅपला लावला. फोटोत उजवा हात डाव्यावर ठेवलेला. उजव्या पंजावरचे मासे समोर.

दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला. मी बाजूला होतो, स्पीकर चालू होता.

"बाबा, तो फोटो काढा पहिले. इकडच्या सरांनी पाहिला. माझ्या मोबाईलवरच दिसला त्यांना. हसले सगळे. मी पाठवला तोच हात, हे ओळखू आलं नाही त्यांना. कोणी केलं विचारत होते."

"मंग तू काय सांगतलं?"

"माहीत नाही म्हटलं. मी पाहिलं नव्हतं म्हटलं." मग तिने आवाज खाली आणला. "बाबा, कोनी विचारलं तर माझं नाव नका सांगू. कोनालेच. इथं एक रेघ बिघडली तर काढून टाकतात मानसाले. मी आतापर्यंत फक्त नावं गोंदून राहिली, बाकीचा वेळ सुयांचे डबे धुते."

"हव, बेटा," चंद्रभान म्हणाला. "जेवली का तू?"

मला तिचा इतका राग आला की दोन दिवस त्या घराकडे फिरकलो नाही. बापाच्या हातावर उभी राहून गेली आणि तोच हात नाकारते. तिसऱ्या दिवशी राग उतरला, कारण डबे धुणारी दामिनी डोळ्यांसमोरून हलेना. इथल्या कोपऱ्यातून निघून ती तिथल्या कोपऱ्यात जाऊन बसली होती, आणि तिथं तर तपासून द्यायला बापही नव्हता. पण राग उतरला तरी दुःख उतरलं नाही. चंद्रभानने फोटो त्याच मिनिटाला काढून टाकला होता.

दिवाळीच्या आधी माझ्या बायकोला घेऊन दुकानात गेलो. गर्दी होती. लाखांदूरकडची एक मुलगी आईबरोबर लग्नाच्या साड्या पाहत होती. अंकुशने आवाज दिला, तसा पडद्यामागून चंद्रभानचा उजवा हात साड्यांचा गठ्ठा घेऊन बाहेर आला. मुलीने हात पाहिला. तिच्याही मनगटावर छोटी गाठ होती, म्हणून असेल, पडदा बाजूला करून तिने सरळ विचारलं, "काका, ही नक्षी किती भारी आहे. पण काढणाऱ्यानं वाट लावली हो. कुणी काढलं?"

चंद्रभान साड्यांकडे पाहत होता. मी बोलायला तोंड उघडलं.

"जत्रेत काढलं, बाई," तो म्हणाला. "कोन होता, आता याद नाही. त्याले काही येत नव्हतं."

मुलगी हळहळली आणि साड्यांकडे वळली. चंद्रभानने पडदा ओढायच्या आधी माझ्याकडे पाहिलं, जरा पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "मास्तर, तुमालेही कोनी विचारलं तं असंच सांगजा."

मी हो म्हणालो.