वन्संनी रेडिओवर घेतलेलं नाव

वन्सं गेल्याचा फोन आला तेव्हा मी बेलापुरात माझ्या लेकीकडे लोणच्याची लिंबं चिरत बसले होते. फोनवर आमचा पुतण्या होता. म्हणाला, "काकू, आत्या सकाळी गेल्या. चहा मागितला, पहिला घोट घेतला, साखर कमी पडली म्हणून हिला बोलल्या, आणि मान टाकली." ऐकलं आणि देवाशप्पथ सांगते, मला आधी हसूच फुटलं. जाता जातासुद्धा तक्रार! मग मात्र रडू आवरेना. लिंबाच्या हातानंच डोळे पुसले, ते असे झोंबले की लेक धावत आली. तिला वाटलं सगळं रडणं लिंबाचं आहे. आज दोनेक महिने होत आले, आता जरा नीट लिहिता येईल असं वाटतंय.

वन्सं म्हणजे माझी नणंद, इंदूबाई. आमच्या ह्यांची थोरली बहीण. (ह्यांचं नाव मी लिहिणार नाही. हे जाऊन वर्षं झाली, पण जिभेची सवय हातालाही लागलेली आहे.) माझ्या लग्नाच्या आधीच त्यांच्या नवऱ्यानं दुसरी बायको केली आणि यांना माहेरी आणून सोडलं. मी नेवाश्याची. लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडच्या बायकांनी माझी कीवच केली होती, घरात टाकलेली नणंद आहे म्हणजे पोरीचं काही खरं नाही म्हणून. मी जीव मुठीत धरून उंबरा ओलांडला. दुसऱ्या दिवशी चुलीपाशी वन्सं माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "वैनी, मी काय तुमाला छळनार न्हाई. पन भाकर जाड थापली तर मातुर बोलनार." त्या बोलल्याच. जन्मभर बोलल्या. माझी भाकरी त्यांच्या लेखी शेवटपर्यंत जाडच राहिली.

त्यांचं एक दुःख मात्र मला फार लवकर कळलं. आमच्याकडे लग्न असो, डोहाळजेवण असो, बायका जमल्या की उखाणे होणारच. एकेकीला आग्रह करकरून नवऱ्याचं नाव घ्यायला लावायचं, लाजवायचं, हसायचं. पाळी वन्संपाशी आली की सगळ्या एकदम गप्प होत आणि पुढचीकडं वळत. कुणी दुष्टपणानं करत नसे, उलट त्यांना वाईट वाटू नये म्हणूनच करत. पण नाव घ्यायला माणूस नाही म्हणजे तोंड उघडायलाही जागा नाही, असाच त्याचा अर्थ व्हायचा. गावातली सगळ्यांत तिखट जीभ अशा वेळी भिंतीला टेकून सुपारी कातरत बसायची. मला ते बघवत नसे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या आणि आमच्यासारखी जमीनवाली घरंसुद्धा खडी फोडायला निघाली. काष्टीच्या पुढं माळावर रस्त्याचं काम होतं. मी, वन्सं आणि पाटीत घातलेली माझी पहिली लेक, अशा आम्ही निघायचो. मी ओली बाळंतीण नव्हते, पण पोर अंगावर पिणारी होती. माळावर झाड म्हणून नव्हतं. लेकरांसाठी सरकारनं एक मांडव घालून दिला होता खरा, साहेब बघायला आले तेव्हा त्यात आमची पोरं निजवलीसुद्धा होती. साहेबांची पाठ फिरली आणि मुकादमानं आपली नवी फटफटी त्यात आणून लावली. उन्हानं सीट तडकतं म्हणे! बाजूला त्याची खुर्ची, पाण्याचा माठ, आणि लेकरं बाहेर, खडीच्या ढिगाच्या आडोशाला, लुगड्याच्या पदराखाली.

हा मुकादम दत्तोबा. बेलापूरकडचा, बागायती भागातला, अंगानं गुटगुटीत. वाईट म्हणावा असा नव्हता, पण फटफटीनं त्याची मती गेली होती. रोज सकाळी फडक्यानं पुसायचा तिला. एक दिवस दुपारी माझी लेक दूध ओढेना, मान टाकून पडली, डोळे वर गेले. मी ओरडले. वन्संनी हातोडा टाकला, पोरीला उचललं आणि सरळ मांडवात नेऊन माठातलं पाणी तिच्या टाळूवर थापलं. पोरीनं डोळे उघडले… आणि तेवढ्यात दत्तोबानं दोघींना बाहेर काढलं. वर दम दिला, "साहेबाकडं तक्रार गेली तर हजेरीवरून नाव कमी करीन. समद्यांचं." त्या संध्याकाळी घरी जाताना वन्सं एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

अशात पुण्याहून रेडिओची गाडी आली. दुष्काळी कामावरच्या बायकांची मुलाखत घ्यायची होती. आलेल्या बाईंचं नाव मालतीबाई. खांद्याला पिशवी, पायात चपला, चेहरा उन्हानं लाल झालेला, पण बोलायला फार गोड. सोबत साहेब होते, मुकादम होता, आणि बायकांनी काय बोलायचं ते आदल्या दिवशीच ठरलेलं होतं. काम मिळतं, खायला सुकडी मिळते, सगळं ब्येस हाय. तेवढं झाल्यावर बाई हिरमुसल्या. त्यांनाही कळत होतं की आम्ही पोपटपंची करतोय. म्हणाल्या, "बरं, उखाणे तरी घ्या एकेक." त्याबरोबर बायका खुलल्या. साहेबही खूश, उखाण्यात काय धोका! एकीनं घेतला,

"काष्टीच्या बाजारात खिल्लारी बैलांची जोडी,
सुभानरावांच्या संसाराला सुकडीची गोडी."

हशा झाला. माझाही उखाणा झाला, तो इथं देत नाही, त्यात नाव येतं. आणि मग बाईंना काय ठाऊक, त्यांनी तो माईक वन्संपुढं धरला. सगळ्या चिडीचूप. मी खुणेनं नको नको म्हणत होते. वन्सं माईककडं बघत राहिल्या, मग मांडवाकडं बघितलं, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या,

"दगडाच्या उशाला लेकरं भाजली उन्हात,
फटफटी निजली मांडवात, दत्तोबारावांच्या आलं तरी काय मनात!"

काय सांगू तुम्हाला! बायका अशा हसल्या की एकीच्या हातातली पाटी पडली. साहेब कसनुसे हसले, दत्तोबा तर पानाचा डाग लपवावा तसा तोंडावर हात धरून उभा. मालतीबाईंनी शांतपणे मांडवाकडं मान वळवून बघून घेतलं आणि विचारलं, "हा ठेवू ना कार्यक्रमात?" वन्सं म्हणाल्या, "ठिवा की. मी काय चोरून घेतलाय व्हय?"

मुकादमाचं नाव जगापुढं घेतलं एवढंच वन्संच्या डोक्यात होतं. उखाण्यात त्या जागेला कुणाचं नाव घेतात, ही गोष्ट रागाच्या भरात त्यांच्या ध्यानातच आली नाही. पुण्याला निवेदन लिहिणाऱ्या कुणा भल्या माणसाच्या मात्र ती बरोबर ध्यानात आली. आठवड्याभरानं संध्याकाळी चावडीवर गाव जमलं होतं, रेडिओ लावलेला, आणि त्यातून गोड आवाजात ऐकू आलं, "आता उखाणा घेत आहेत सौभाग्यवती इंदूबाई दत्तोबाराव…"

आमचे हे चावडीवरून घरी आले ते विस्तव होऊनच. "आक्के, कुनाची बायकू झालीस तू?" वन्सं भाकरी थापत होत्या. त्यांनी परातीतनं वर बघितलं नाही. "उखान्यात झाले. घरात न्हाई." हे म्हणाले, गावात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस. त्यावर मात्र वन्संचा आवाज चढला. "तुजी लेक माज्या हातात डोळे फिरवत हुती, तवा तुजं तोंड कुटं हुतं?" हे ताट सारून उठलेच. वन्सं रात्रभर कूस बदलत होत्या. पहाटे मला म्हणाल्या, "वैनी, समद्यांची हजेरी कापली तर माज्यापायी कापंल गं." पहिल्यांदाच त्यांच्या आवाजात भीती ऐकली मी.

कामावर दत्तोबा नुसता धुमसत होता. साहेबांकडून मांडवाबद्दल काही हुकूम येईल या धास्तीनं त्यानं अजून कुणाला काढलं नव्हतं, पण वन्संकडं बघायचा तो खाऊ की गिळू असा. आणि मग एका भर दुपारी काष्टीकडून एक बाई आली. डोक्यावरून पदर, कपाळाला ठसठशीत कुंकू, मागं तिचा भाऊ पिशवी सांभाळत धापा टाकतोय. ती माळावर उभी राहिली आणि ओरडली, "कुटंय ती माजी सवत?"

दत्तोबाची बायको! कौसाबाई. बेलापुरात घरच्या रेडिओवर तिनं सगळं ऐकलं होतं आणि मिळेल त्या एस्टीनं निघाली होती. आमचे हातोडे थांबले. वन्सं उठल्या, अंगावरची खडीची कच झटकली. "मीच ती. आदी पानी पी. उनाची आलीस."

"पानी नगं मला! नवरा माजा, नाव तू घेतीस?"

"तुजा नवरा तुलाच ऱ्हाऊ दे बाई," वन्सं म्हणाल्या, "एक हुता, त्योच लई झाला. मला सावली पायजे." आणि तिचा हात धरून तिला मांडवापाशी नेलं. कौसाबाईनं आत बघितलं. मग बाहेर, ढिगाच्या कडेला ओळीनं निजवलेली लेकरं बघितली. एकाच्या तोंडावरच्या माशा तिनं पदरानं हाकलल्या. दत्तोबा धावत येऊन काहीतरी समजावू लागला, तसं तिनं त्याला हातानंच थांबवलं. "फटफटी कुनी दिली?" दत्तोबा हातातलं फडकं पिळू लागला. "माज्या बापानं दिली. मंग ती कुटं लावायची ते मी ठरवीन." आणि त्या बाईनं पदर कमरेला बांधला, हँडल धरलं, भावाला मागून लोटायला लावलं आणि फटफटी टळटळीत उन्हात आणून उभी केली. पहिली आत गेली ती माझी लेक. कौसाबाईनं स्वतः नेली.

साहेबांचा हुकूम पुढं आला की नाही, मला माहीत नाही. त्याची गरजच पडली नाही. कौसाबाई काम संपेपर्यंत तिथंच राहिली, मांडवातली लेकरं सांभाळायला. आमचे हे दुसऱ्या दिवशी न बोलता तुराट्यांचा भारा घेऊन आले आणि मांडवाची उघडी बाजू शाकारून दिली. वन्सं म्हणाल्या, "वाकडं बांदलंय." म्हणजे भावाबहिणीचं मिटलं. कौसाबाई आणि वन्सं पुढं आयुष्यभर एकमेकींना सवतच म्हणायच्या. दिवाळीला बेलापूरहून गूळ यायचा, तो देणारा दत्तोबा दारात मान खाली घालून उभा राहायचा. फटफटी लांब, उन्हात लावून!

त्यानंतर मालतीबाईंनी वन्संना पुण्याला कितीदा तरी बोलावलं. टाकलेल्या बायकांवर बोलायला, हजेरीवर बोलायला, बालवाडीवर बोलायला. मी सोबतीला जायची. पहिल्या खेपेला त्या बंद खोलीत वन्संचं तोंडच उघडेना. हात रिकामे असले की त्यांना बोलता येत नसे. शेवटी मालतीबाईंनी कुठूनशा भुईमुगाच्या शेंगा मागवल्या. वन्सं शेंगा फोडत फोडत जे बोलायला लागल्या, ते काचेपलीकडचा माणूस खुणा करून थकला तरी थांबल्या नाहीत. त्यांच्या सगळ्या मुलाखतींत मागं टक टक आवाज असायचा. लोक पत्रं लिहून विचारत, हे कसलं वाद्य म्हणून. बालवाडी तर त्यांनी गावात काढलीच, आणि नवऱ्यानं सोडलेली कुणीही पोर माहेरी आली की पुढच्या डोहाळजेवणात तिला हाताला धरून मध्ये बसवायच्या. "घे उखाना. नाव कुनाचं बी घे. न्हाई तर आपलं घे."

वन्संचे दिवस झाल्यावर मी मालतीबाईंना फोन केला. त्या आता फार थकल्यात. म्हटलं, वन्संचा आवाज कुठं मिळेल का, एकदा तरी ऐकायचाय. त्या म्हणाल्या, त्या काळी जुन्या टेपा पुसून त्यावरच नवं भरायची रीत होती, काही उरलं नाही. मला इतका राग आला! एवढी बोलणारी बाई, आणि एक वाक्य नाही कुठं शिल्लक. त्या दिवशी मी जेवले नाही.

परवा लेकीच्या उसाला तोड लागली. तोडणीची माणसं पाथर्डीकडची. मी चहाची किटली घेऊन बांधावर गेले, तर बाभळीला झोळी बांधून एक कोवळी पोर बाळाला झोके देत होती. विळा खाली ठेवलेला, अंगावर उसाचं पाचट, आणि गुणगुणत होती… दगडाच्या उशाला लेकरं भाजली उन्हात… ताल जरा निराळा, पण शब्दन् शब्द तोच. दत्तोबारावांच्या आलं तरी काय मनात. मी किटली बांधावर ठेवली. मी विचारलं, "पोरी, हे कुणाकडून शिकलीस?"

"आयकडनं," ती म्हणाली. "तिला तिच्या आयनं शिकिवलं. आमच्याकडं समद्याच म्हनत्यात की."

"आणि हा दत्तोबाराव कोण?"

"कोन की! असंल त्या लेकराचा बाप, आळशी मेला." ती खुदकन हसली आणि झोळी सावलीकडं सरकवली. "तुमाला म्हाईत हाय का वो, आज्जे?"

माझे डोळे वाहत होते आणि हसूही आवरत नव्हतं. म्हटलं, "दत्तोबाचं सोड गं. म्हणणारी आमच्या घरातली होती. म्हण, परत एकदा म्हण."