अडकित्त्यावरचा अंगठा

आकुर्डीच्या कारखान्यात फिटर असलेले आमचे शेजारी कुठलीही जुनी वस्तू आधी डोळे मिटून चाचपायचे. तांब्या असो की कुलूप, "थांबा राव, बघू द्या," म्हणत अंगठा फिरवत बसायचे. समोरचा चहा गार व्हायचा. मला हसू यायचं.

एका रविवारी मी आमचा पितळी मुठीचा अडकित्ता त्यांच्यापुढे ठेवला. आई म्हणायची, पेशवाईतला आहे. त्याची खीळ ढिली झाली होती. त्यांनी ती ठोकून घट्ट केली आणि मुठीवरून अंगठा फिरवला.

"घरात कोनी डावरं व्हतं का? झीज उलट्या अंगाला हाय."

आईने माझ्या बायकोकडे पाहिलं. ती डावरी. तिने डाव्या हाताने वाढलं की आई रोज टोकायची, आणि ते भिंतीपलीकडे या शेजाऱ्यांना ऐकू जायचंच.

"माझ्या आजेसासूबाई," आई शेवटी म्हणाली. "सुपारी त्याच कातरायच्या."

"मंग बराबर." त्यांनी अडकित्ता सरळ माझ्या बायकोच्या डाव्या हातात ठेवला आणि गार चहा एका घोटात संपवला.

आईने सुपारी तिच्यापुढे सरकवली. "कातर बघू. पण बारीक हं."